जोडाक्षर

कमरेची किल्ली सोडून दाक्षायणीनं नणंदेच्या हातात दिली, तेव्हा तिचं सगळं लक्ष बांगडीत होतं आणि बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडून बसली होती. नवऱ्या मुलाच्या आईनं हात भरून चुडा घातलाच पाहिजे, असा कासारणीचा हट्ट. चार दिवस लाडू वळून सुजलेला हात मात्र काही केल्या ऐकत नव्हता. त्या कळीतच महादेवीनं विचारलं, "वैनी, सुरगीला नेसायचं तुमचं इरकल कुटं ठिवलंय?" आणि ही बोलून गेली, "मोठ्या ट्रंकेत, सगळ्यात खाली. काढ जा."

महादेवी माजघरात गेली. बांगडी एकदाची सरकली. आणि मग दाक्षायणीला आठवलं, की इरकल लुगड्याच्या तिसऱ्या घडीत ते पत्र आहे.

"सोड, हात सोड," ती कासारणीला म्हणाली.

"चार बांगड्यांवर उठत्यात व्हय कुटं? अपशकुन असतोय," कासारणीनं मनगट आणखी घट्ट धरलं. "बसा गप. लेकाचं लगीन हाय, तुमचं न्हाय."

बायका हसल्या. दाक्षायणीही हसली, पण तिची नजर माजघराच्या दारावर होती. ते पत्र तिनं जाळायला म्हणून दहादा तरी बाहेर काढलं असेल. चुलीपर्यंत नेलं, पुढं स्टोव्ह आला तर स्टोव्हपर्यंत नेलं, एकदा कोपरा पेटलासुद्धा होता. पण विझवून पुन्हा घडीत ठेवलं. का ठेवलं, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

गोष्ट बावन्न सालची. पहिलटकरीण दाक्षायणी अक्कलकोटच्या पलीकडं माहेरी बाळंत झाली आणि तिचं मूल रडलंच नाही. त्याच आठवड्यात, त्याच घरात तिची थोरली बहीण काशम्मा पाचव्या खेपेला बाळंत झाली होती आणि तिचं मूल घर डोक्यावर घेत होतं. दोघींच्या आईनं कोणाला काही विचारलं नाही. काशम्माच्या कुशीतलं उचललं आणि दाक्षायणीच्या कुशीत ठेवलं. काशम्माच्या सासरी निरोप गेला, मूल गेलं. दाक्षायणीच्या सासरी गेला, मुलगा झाला, साखर वाटा. दाक्षायणी मूल घेऊन सासरी आली आणि मागोमाग काशम्माचं ते पत्र आलं. पुढं ती आई गेली, सुईण गेली, काशम्मानं ज्याला मागाहून सांगितलं तो तिचा नवराही गेला. आता खरं जाणणाऱ्या या दोघी बहिणीच उरल्या होत्या. ज्याची आज हळद होती त्या चन्नप्पाला काही ठाऊक नव्हतं, आणि दाक्षायणीच्या समजुतीप्रमाणं तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. कळलं तर चन्नू उद्यापासून आपल्याला अव्वा म्हणेल का, आई मानेल का, या एका प्रश्नानं तिची चोवीस वर्षांत कित्येकदा झोप उडाली होती.

बाहेर मांडवात तिचे यजमान बसलिंगप्पा नव्या व्याह्यांना आपली आवडती गोष्ट सांगत होते. व्याही धुळाप्पा बार्शीचे, त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली; बाळीवेशीतल्या बाकी सगळ्या माणसांना ती पाठ होती. "आज अक्कलकोट रोडला आपलं चादरीचं आठ पावरलूम चालत्यात, पण सुरवात कशात हाय म्हाईत हाय का? सायकलीत! लग्नातली सायकल विकली आन् पयला हातमाग घेतला. कुणाच्या दारात गेलो न्हाय. काय?"

"धाडस पायजे त्याला," धुळाप्पा म्हणाले.

अंगणात पाटावर चन्नप्पा हळदीनं माखून बसला होता आणि आहेराची पिशवी डोळ्यांसमोर धरून ओरडत होता, "दोड्डव्वा! हे काय लिवलंय? चि. चनपा? माझा एक न आन् एक प कुटं गेला?"

दोड्डव्वा म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण, काशम्मा. ती मागल्या दारी हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यापाशी बसली होती. विधवा बाई हळदीच्या पाटापाशी येत नाही, म्हणून तिला कोणी जा म्हणायच्या आधीच ती तिकडं जाऊन बसली होती. तिथूनच तिनं उत्तर दिलं, "तुज्या बायकूला दिला. आता निम्मं निम्मं करायची सवं लाव!"

काशम्मा शाळेत गेली ती दोन इयत्ता. जोडाक्षरं तिसरीत होती, आणि तिसरीच्या आधीच तिचं लग्न झालं. तेव्हापासून ती बोलायची कानडी, लिहायची मराठी अक्षरांत, आणि एकालाही दुसरं अक्षर कधी जोडायची नाही. तिच्या पत्रात बसप्पाचा बसपा व्हायचा आणि अक्कलकोटचं अकलकोट. सगळं घर तिच्या पत्रांना हसायचं, ती स्वतः सगळ्यांत जास्त हसायची.

शेवटची बांगडी चढायला आणि महादेवी माजघराच्या दारात यायला एकच गाठ पडली. डाव्या हातावर इरकल होतं आणि उजव्या हातात पत्र. ते उघडलेलं होतं.

महादेवी वाईट बाई नव्हती, पण तिचा एक राग होता. आपली मुलगी चन्नूला द्यायची, असं तिनं पोरगी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं आणि चन्नूनं बार्शीची मास्तरीण पसंत केली. तेव्हापासून तिला चन्नूच्या नाकात खोट दिसायला लागली होती. "ह्ये नाक काय आमच्या घरातलं न्हाय," असं ती येताजाता म्हणायची. आज तिच्या चेहऱ्यावर त्या नाकाचा पत्ता सापडल्याचा आनंद होता.

"वैनी, ह्ये वो काय?" ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "काशक्काचं अक्षर हाय. वाचू का?"

"जुनं हाय ते. आण हिकडं." दाक्षायणी उठली, पण मधे बायका, परातीत हळद, बांगड्यांची पेटी. पोचेपर्यंत महादेवीनं वाचायला घेतलंही.

"नन मग निनग. चंद नोडको. यारिगू हेळबेड."

अंगण गप्प झालं. कानडी कळणारे गप्प झाले ते कळलं म्हणून, आणि धुळाप्पा गप्प झाले ते कळलं नाही म्हणून. क्षणभर वाट पाहून त्यांनी विचारलं, "बरं, मग?"

"मगच की!" महादेवी म्हणाली.

"अवो, मग काय पुढं?"

"पुढं काय न्हाय, तेच! कानडीत मग म्हंजी मुलगा. 'माझा मुलगा तुला. नीट सांभाळ. कुणाला सांगू नको.' ह्ये असं लिवलंय हितं!"

दाक्षायणीनं पत्रासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. समोर चन्नू बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरची हळद अर्धी वाळली होती, आणि तो हसावं की नाही अशा नजरेनं तिच्याकडं पाहत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिच्या तोंडातून शब्द फुटेना.

मागल्या दाराकडून हसण्याचा आवाज आला. हातातली पळी तशीच घेऊन काशम्मा अंगणात येत होती आणि पोट धरून हसत होती.

"अगं महादेवी, अगं खुळे! मी जोडाक्षर कुटं लिवते? मग न्हवं ते, मग्ग! मग्ग!" तिनं धुळाप्पांकडं वळून सांगितलं, "कानडीत मग्ग म्हंजी माग वो, इणायचा माग. माजा माग तुला, असं लिवलंय. घ्या! मागाचं पोरगं केलं हिनं!"

हशा उसळला. चन्नूही हसला. "अत्ती, म्हंजी माझ्याऐवजी लाकडं आली असती पाळण्यात!" तो आत्याला म्हणाला आणि हशा आणखी वाढला. महादेवी मात्र हसली नाही. ती पुन्हा पत्रात पाहून म्हणाली, "मग 'कुणाला सांगू नको' कशापायी?"

"कशापायी म्हंजी? सासू जिती हुती माजी. घरातला पडका माग भनीला दिला म्हनून कळलं असतं, तर मलाच ताणा करून मागावर ताणली असती."

"येवढा मोठा माग," धुळाप्पांना आता खरोखरच उत्सुकता वाटायला लागली होती, "चोरून दिला कसा वो?"

"सुटा केला. लाकडं गाडीत घातली, वरनं कडबा टाकला."

"आन् गाडी कुणी आनली?"

काशम्माची पळी हवेतच थांबली. भराभर विणलेलं खोटं तिथं येऊन संपलं होतं. आणि महादेवीला त्याच क्षणी दुसरी गोष्ट सुचली. "थांबा थांबा. पयला माग तर अण्णानं सायकल विकून घेतलाय! आमी जन्मभर ऐकतोय. अण्णा, सांग की तूच. खरं कोन बोलतंय?"

सगळे बसलिंगप्पांकडं वळले. दाक्षायणीनं डोळे मिटून घेतले. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. माणूस भोळा, पण त्या सायकलीच्या गोष्टीला हात लावला की अंगावर येणारा. आता ते म्हणणार, काशक्का, काय बोलतीस, माग मी माझ्या हिमतीवर घेतला. मग माग नव्हता हे उघडं पडणार, आणि जे उरेल ते चन्नूच्या समोर उरेल.

बसलिंगप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"गाडी मी आनली," ते म्हणाले.

"तू?"

"व्हय. काशक्काच्या दारातनं. कडबा बी मीच टाकला." त्यांनी धुळाप्पांसमोर हात जोडले. "व्याही, मगाशी थापा मारल्या बगा. मेव्हणीच्या मागावर धंदा उभा केला म्हनायला लाज वाटायची, म्हनून सायकल मधी घातली."

"मग सायकल कुटं गेली?" चन्नूनं विचारलं.

"ती पंक्चर हुती. भंगारात गेली."

मांडवात जी खसखस पिकली ती थांबेना. चोवीस वर्षं ऐकलेली गोष्ट फुसकी निघाली, याचा आनंद भाऊबंदांना लग्नापेक्षाही जास्त झाला. चुलतभाऊ कल्लप्पा तर मांडीवर थापा मारून म्हणाला, "सायकलवाले शेठ! आता चादरीवर बैलगाडीचं छाप घाला!" बसलिंगप्पा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. महादेवी भावाकडं पाहत राहिली आणि मग एकदम पालटली. पत्र तिनं घडी करून दाक्षायणीच्या हातात दिलं आणि काशम्माचा दंड धरला. "आन् तू काशक्का, मागल्या दारी बसतीस व्हय? तुज्या मागावर ह्ये घर उभं हाय आन् आमाला पत्त्या न्हाय! ह्यो अण्णा लई खोटारडा."

काशम्मा हसत हसत हात सोडवून हुग्गीकडं परत गेली.

अंगणात एका माणसाला मात्र हसू येत नव्हतं. तो पहिला माग घरी आला तेव्हा दाक्षायणी उंबऱ्यात तान्ह्या चन्नूला घेऊन उभी होती. सायकल घरातून गेली ती तिनं पाहिली होती, माग आला तोही पाहिला होता. नवऱ्याची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी होती.

न्हाणीपाशी तांब्याचा बंब पेटला होता. बसलिंगप्पा त्यात ढलप्या सारत बसले होते. मांडवातल्या चिडवाचिडवीतून तेवढीच सुटका. दाक्षायणी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"खोटं का बोललात?"

"तुला बोलता येईना, म्हनून." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"बारशापासनं." आणखी एक ढलपी बंबात गेली. "तू पाळण्याची दोरी धरली हुतीस. पोरगं रडाय लागलं. काशक्का पार त्या कोपऱ्यात हुती, पर तिच्या छातीवरचा पदर भिजला. ती पाठ फिरवून भाईर गेली. मला काय कळत न्हाय व्हय?"

दाक्षायणी खाली बसली. "म्हनून तीन म्हैनं न्यायला आला न्हाईसा?"

"लई राग आला हुता. वाटलं, आनूच न्हाय. मग आलो, तर ते पोरगं माज्याकडं बगून हसलं, मिशी धरली. आता त्याच्यावर काय राग धरनार? नंतर वाटलं, तू सांगशील. आन् पुढं पुढं वाटलं, आता सांगायसारखं ऱ्हायलंय काय? पोरगं आपलंच झालंय."

बंबातलं पाणी गुणगुणायला लागलं होतं.

"येकच विचारायचं ऱ्हायलं," ते हळू म्हणाले. "आपलं काय हुतं?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "पोरगी," ती म्हणाली. "केस लई हुते."

बसलिंगप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि धुराला दोन शिव्या दिल्या. दाक्षायणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भर दिवसा, माणसांनी भरलेल्या घरात असं तिनं कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात महादेवीची हाक आली. "वैनी! सुरगीला बसा चला! पोरगं उनात वाळून पापड झालं!"

अंगणात चार कोपऱ्यांवर पाण्यानं भरलेले चार तांबे मांडले होते आणि त्यांच्याभोवती पाच सवाष्णी कच्च्या सुताचे पाच फेरे घालत होत्या. त्या सुताच्या चौकटीत नवरा मुलगा आणि त्याची आई बसतात, वरून पाच तांबे पाणी पडतं आणि मग आईनं मुलाचं डोकं पुसायचं, ही सुरगी. सूत ओलांडून दाक्षायणी आत गेली आणि चन्नूशेजारी पाटावर बसली. आता तिला कसलीच भीती उरली नव्हती. पत्र कमरेला होतं, नवरा तिच्या बाजूचा होता, महादेवीसुद्धा फिरली होती. गप्प बसलं की जन्मभराची निश्चिंती.

पण मागल्या दारात काशम्मा तिला दिसत होती. ती शिजलेली हुग्गी उगाचच ढवळत होती, आणि इकडं बघायचं टाळत होती. पोटच्या पोराला तिनं आज भरल्या मांडवात लाकूड म्हटलं होतं, आणि तेही हसत. नवऱ्यानं जन्माची बढाई मातीत घातली होती. सगळ्यांनी दिलं आणि आपण तेवढं घेतच आलो, याची दाक्षायणीला इतकी लाज वाटली की तिला पाटावर बसवेना.

"अक्का," तिनं हाक मारली. "हिकडं ये. आत येऊन बस."

बायकांचं गाणं थांबलं. "अगंबाई, मी कशाला?" काशम्मा पदर सावरत म्हणाली. "माज्या कपाळाकडं बग तरी."

एकदोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पण महादेवीनंच कंबर कसली. "कपाळाचं काय घिऊन बसलीस? माग दिलास तवा कपाळ इचारलं हुतं व्हय कुणी? लक्ष्मी हायस तू ह्या घरची. बस!" आणि तिनं काशम्माला जवळजवळ उचलूनच सुताच्या आत ढकललं. खरं कळलं असतं तर महादेवीनं काय केलं असतं कुणास ठाऊक. खोट्यानं मात्र तिच्याकडून मोठं काम करवून घेतलं.

चन्नूच्या एका अंगाला दाक्षायणी, दुसऱ्या अंगाला काशम्मा. गाणं पुन्हा सुरू झालं, चांगलं वरच्या पट्टीत. त्या गोंगाटात दाक्षायणीनं मुलाच्या कानाशी तोंड नेलं.

"चन्नू, ऐक. पत्रात माग न्हवता. तू हुतास. हिच्या पोटी जन्मलास तू. मी न्हाय तुला जन्म दिला."

"दाक्षा, गप," काशम्मा पुटपुटली. तिनं ऐकलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा तिला वाचता येत होता.

पहिला तांब्या डोक्यावर पडला. ऊन पाणी, हळदीचा वास, बायकांचा गलका. चन्नू हलला नाही. दुसरा पडला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि जबडा घट्ट आवळलेला. तिसरा, चौथा. दाक्षायणीला त्याच्या गालावरून ओघळणारं पाणी दिसत होतं, पण त्यातलं तांब्याचं किती, ते कळत नव्हतं. सांगितलं हे बरं केलं की वाईट, याचा विचार करायची ताकदही तिच्यात उरली नव्हती. ती नुसती वाट पाहत होती. पाचवा तांब्या पडला आणि पाणी ओसरलं.

"पुसा वैनी," म्हणून महादेवीनं टॉवेल हातात दिला. दाक्षायणीनं तो धरला, पण हात वर उचलेना. आज पहिल्यांदाच या डोक्याला हात लावायला परवानगी मागावी असं तिला वाटत होतं.

चन्नूनं डोळे उघडले. आधी त्यानं काशम्माकडं पाहिलं, बराच वेळ, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे असं. मग दाक्षायणीकडं. मग लहानपणापासून न्हाणीतून यायचा तशीच मान खाली घालून त्यानं डोकं तिच्यापुढं केलं.

"पूस की, अव्वा. नाकात पानी चाललंय."

ती पुसायला लागली. तिचा चुडा वाजत होता. तेवढ्यात चन्नूनं टॉवेलाचं दुसरं टोक धरलं, ओढलं आणि काशम्माच्या मांडीवर टाकलं.

"दोड्डव्वा, बसलीस काय नुसती? लाव हात. येवढं केस एकीच्यानं वाळायचं न्हाईत."